कॅज्युअल्टीतले सहा चेहरे : नागपुरातील एका खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा अभिप्राय

हा अभिप्राय नागपुरातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाबद्दल, म्हणजे आपण सगळे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो त्याबद्दल आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. एक तर मला तिथे पुन्हा जावे लागणार आहे, आणि दुसरे म्हणजे तिथे जे झाले ते शहरातल्या आणखी तीन-चार कॅज्युअल्टींमध्ये माझ्या बाबतीत याआधी होऊन गेलेले आहे, त्यामुळे एकाच पाटीवर खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. मी ३७ वर्षांची आहे, एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि जन्मापासून सिकलसेलची, आमच्याकडे म्हणतात तशी ‘एसएस पॅटर्न’ची (म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेली), रुग्ण आहे. या विभागात मी दोनदा गेले, एकदा डिसेंबरातल्या रात्री आणि एकदा मे महिन्यातल्या दुपारी. इमारत, यंत्रसामग्री आणि स्वच्छता यांबद्दल तक्रारीला जागा नाही. फरशी अशी लखलखीत की चपला दाराबाहेर काढाव्यात की काय असे वाटते. माझे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे, की वर्षानुवर्षांचे दुखणे घेऊन आलेल्या माणसाला किती दुखते आहे हे तिथे कशावरून ठरवले जाते.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की दोषयुक्त हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही आणि तिथले हाड दुखू लागते. डॉक्टर याला क्रायसिस म्हणतात, आमच्या घरी ‘दुखणं उठलं’ म्हणतात. थंडी, ताप, जागरण, पाणी कमी पिणे, एसटीचा लांबचा प्रवास, कशानेही ते उठते आणि कधी काहीही कारण नसताना उठते. मांडीच्या हाडात कुणीतरी गिरमिट फिरवते आहे, असे मी सांगत असे; माझ्या धाकट्या भावाला मात्र ओला कपडा पिळावा तसे हाड कुणी पिळते आहे असे वाटायचे. या दुखण्याची अडचण अशी की क्रायसिस आहे हे सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही, एक्स-रेमध्ये ते दिसत नाही आणि रक्तदाब पुष्कळदा ठीक असतो. रुग्ण जे सांगतो तोच पुरावा.

म्हणूनच माझ्यासारखी माणसे कॅज्युअल्टीत सहजासहजी जात नाहीत. माझा ठरलेला क्रम आहे. आधी पॅरासिटामोल, गरम पाण्याची पिशवी आणि तांब्यामागून तांब्या पाणी. दोन तासांत उतार नसेल तर ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाची गोळी. आणखी दोन तास वाट. आणि मगच नवऱ्याला उठवायचे. त्या डिसेंबरात संध्याकाळी सात वाजता सुरू झालेले दुखणे रात्री एकपर्यंत दोन्ही मांड्यांतून कंबरेत आणि कंबरेतून फासळ्यांत चढले, तेव्हा आम्ही निघालो. थोडक्यात, कॅज्युअल्टीच्या दारात पोहोचते ती बाई सहा तास घरी झुंजून आलेली असते. तिथल्या घड्याळात मात्र तिचे दुखणे त्या क्षणी सुरू झालेले असते.

आम्ही पोहोचलो तेव्हा १ वाजून ४० मिनिटे झाली होती. सुरक्षारक्षकाने न सांगता चाकाची खुर्ची आणली, ही गोष्ट मी कौतुकाने नोंदवते. काउंटरवर नवऱ्याने फाईलसोबत माझे लाल कार्ड पुढे केले. आपल्या राज्यात सिकलसेल तपासणीनंतर ही कार्डे मिळतात. एकाच पालकाकडून दोष आलेल्या वाहकाला पिवळे, रुग्णाला लाल. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट पाहिले आणि अदबीने सांगितले, “सर, योजनेचं कार्ड इथे चालत नाही.” ते योजनेचे कार्ड नाही, आजाराचे आहे, हे समजावण्यात काही मिनिटे गेली, आणि मग १० हजार रुपये अनामत भरल्यावर फाईल तयार झाली. ज्या विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत आदिवासी, बौद्ध आणि कितीतरी बहुजन घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, जो २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये धरला गेला, ज्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी शेजारच्याच मध्य प्रदेशातील शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्या विदर्भाच्या सर्वांत मोठ्या शहरात लाल कार्ड ओळखू येऊ नये, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. आजार कोणत्या आडनावांच्या घरांत जास्त आढळतो, याचा आणि या अनोळखीपणाचा काही संबंध असावा असे मला कधी कधी वाटते. पण त्या मुलाच्या वागण्यात तसे काही नव्हते, हेही खरे.

आत घेतल्यावर सगळे भराभर झाले. सिस्टरने रक्तदाब, नाडी, प्राणवायू आणि ताप पाहिला. ११८/७६, ९२, ९७ टक्के, ताप नाही. पाठोपाठ ड्युटीवरचे डॉक्टर आले. वय फार तर २६-२७, डोळ्यांखाली काळे, बहुधा सकाळपासून उभे. त्यांनी विचारले, “शून्य ते दहामध्ये किती दुखतं?” मी “आठ” म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, “व्हायटल्स तर नॉर्मल आहेत.”

माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. त्यावर सहा गोल चेहरे होते. पहिला हसरा, मधले हळूहळू तोंड पाडणारे आणि शेवटचा, दहा क्रमांकाचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. हा तक्ता पुष्कळ रुग्णालयांत दिसतो. तो अमेरिकेत १९८० च्या दशकात लहान मुलांसाठी तयार झाला, कारण मुलांना आकडे सांगता येत नाहीत. आणि त्याची मूळ अट अशी की चेहरा रुग्णाने स्वतः निवडायचा, पाहणाऱ्याने रुग्णाच्या तोंडाशी ताडून पाहायचा नाही. त्या रात्री नेमके उलटे झाले. मी रडत नव्हते, ओरडत नव्हते. मी छताच्या चौकटी मोजत होते, सात आडव्या, अकरा उभ्या, आणि चादरीच्या काठाला बारीक चुण्या घालत होते. एक चुणी, एक श्वास. ही युक्ती मी चौथीत असताना शिकले, कारण रडले की श्वास चढतो, श्वास चढला की फासळ्या अधिक दुखतात, आणि शेजारच्या खोलीत आई जागी होते. तीस वर्षांच्या सवयीने घडलेला हा चेहरा त्या तक्त्यावर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी केसपेपर हातात आला तेव्हा त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात ‘कम्फर्टेबल’ असा शब्द होता आणि वेदनेच्या चौकटीत ४ लिहिलेले होते. मी सांगितलेला आठचा आकडा कागदावर कुठेच नव्हता.

जागतिक वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये एक स्पष्ट वाक्य घातले, की वेदना होत असल्याचे एखादी व्यक्ती सांगते तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. हे वाक्य फार मोठे काही मागत नाही. आठ सांगितले तर आठ लिहावे; नंतर वाटल्यास पुढे आपले मत लिहावे.

पुढच्या पंचवीस मिनिटांत ईसीजी झाला, हृदयाघाताच्या शंकेसाठी ट्रोपोनिनसह रक्ताचे पाच नमुने गेले, पोटाची सोनोग्राफी झाली आणि छातीचा एक्स-रे झाला. यांतल्या एक्स-रेबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. फासळ्यांत दुखणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला फुप्फुसांची गुंतागुंत आहे का हे पाहिलेच पाहिजे. माझा भाऊ त्याच गुंतागुंतीने गेला, आणि त्या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला सकाळ उजाडेपर्यंत थांबावे लागले होते. पण तपासण्या चालू असताना वेदनाशामक द्यायला कोणाची आडकाठी असते, हे मला कधीच समजलेले नाही. सलाइनची सुई हाताला लागलेली होती. अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की क्रायसिसचा रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळावे आणि मग दर अर्ध्या ते एका तासाने पुन्हा विचारपूस व्हावी. ब्रिटनच्या २०१२ च्या सूचना तर अर्धा तासच देतात. मला पहिले औषध ३ वाजून २५ मिनिटांनी मिळाले, म्हणजे पुरत्या एक तास पंचेचाळीस मिनिटांनी; घड्याळ समोरच होते आणि करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून हिशेब चोख आहे.

उशिराचे एक कारण मी स्वतः होते, असे केसपेपर म्हणतो. दोनच्या सुमारास सिस्टर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घेऊन आली. आपल्याकडे कुठलेही दुखणे असो, कमरेत हे इंजेक्शन ठरलेले. माझ्या लघवीतून प्रथिने जातात, सिकलसेलने मूत्रपिंडांना हात घातलेला आहे आणि या गटातली औषधे टाळावीत असे माझ्या रक्तविकारतज्ज्ञांनी लेखी दिलेले आहे. तो कागद फाईलमध्ये पहिल्याच पानावर होता. मी हे सांगितले, सिस्टर परत गेली, आणि कागदावर नोंद झाली की रुग्णाने उपचार नाकारला. त्यानंतर बराच वेळ माझ्याकडे कोणी फिरकले नाही.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारले, “मग तुम्हाला काय चालतं?” मी सांगितले की पॅरासिटामोल शिरेतून, त्याबरोबर ट्रामाडॉल १०० मिलिग्रॅम सलाइनमधून हळूहळू, मळमळीसाठी ऑन्डानसेट्रॉन, आणि अर्ध्या तासात उतार नसेल तर थोडे मॉर्फिन. हे वाक्य बोलून झाल्याबरोबर खोलीतली हवा बदलली. माझ्यासारखी बाई औषधाचे नाव आणि मात्रा दोन्ही एका दमात सांगते, हे त्यांना खटकले. “याची सवय लागली आहे का? महिन्यातून किती वेळा घेता?” त्यांनी नवऱ्याकडे पाहून विचारले. मला नव्हे, नवऱ्याला. तो बिचारा माझ्याकडे पाहू लागला. शेवटी डॉक्टर म्हणाले, “मॉर्फिन आमच्याकडे फक्त कॅन्सरवाल्यांना असतं.”

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा अभिप्राय एकतर्फी होईल. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले की बहुसंख्य रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले आणि डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या ते हाताळायला न शिकताच तयार झाल्या. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिन आणि फेन्टानिलसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. पण २०१८ मध्ये ट्रामाडॉलही गैरवापरामुळे याच कायद्याखाली आले. कपाटाला कुलूप, रजिस्टरमध्ये नोंद, रिकाम्या ॲम्प्युलचा हिशेब, हे सगळे रात्री दोन वाजता एकट्या डॉक्टरच्या सहीवर चालते. खोटे दुखणे सांगून इंजेक्शन मागणारेही येत असतील, यात शंका नाही. परंतु कायदा मॉर्फिन फक्त कॅन्सरच्या रुग्णाला द्या असे कुठेही म्हणत नाही, आणि ज्याच्या फाईलमध्ये हिमोग्लोबिनच्या तपासणीचा अहवाल, तज्ज्ञाचे पत्र आणि आधीच्या अकरा भरतींचे डिस्चार्ज कार्ड आहे त्याची शहानिशा करायला दोन मिनिटे पुरतात. फाईल मात्र खाटेच्या पायथ्याशी बंद पडून होती.

इथे मला मावशींचा उल्लेख करायचा आहे. विभागातला एसी २० अंशांवर होता, बाहेर डिसेंबर, आणि अंगावर एक पातळ चादर. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणे वाढते, हे सिकलसेलच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. मी सिस्टरकडे ब्लँकेट मागितले तर ते वॉर्डातून मागवावे लागेल असे उत्तर आले. फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “काऊन वो ताई, थंडी वाजून रायली का?” त्या गेल्या आणि दहा मिनिटांनी एक घोंगडीवजा ब्लँकेट आणि सलाइनच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या. बाटल्यांत पॅन्ट्रीतले गरम पाणी भरलेले होते. एकेक बाटली त्यांनी आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली, जुन्या दुपट्ट्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्या दोन्ही मांड्यांच्या कडेला सारली. त्या रात्री मला मिळालेला पहिला उपचार तो होता, आणि बिलात त्याची नोंद नाही.

ट्रामाडॉल सुरू झाल्यावर पाऊण तासाने आठचे सहा झाले. हे मला कोणी विचारले नाही, मीच सांगत आहे. दरम्यान रक्ताचा अहवाल आला आणि सगळे चित्र एकदम फिरले. माझे हिमोग्लोबिन ७.९ निघाले आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारा रक्तातला पिवळा घटक, वाढलेले. मघापर्यंत मला विशेष काही झालेले नाही असे मानणारे डॉक्टर आता घाईघाईने आले आणि म्हणाले की ताबडतोब दोन पिशव्या रक्त लावावे लागेल, कावीळही दिसते, आयसीयूत भरती करू. सुदृढ माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवसांत फुटते. त्यामुळे आठच्या आसपासचे हिमोग्लोबिन आणि पिवळसर डोळे हीच माझी नेहमीची स्थिती आहे. मागच्या दोन वर्षांचे सगळे अहवाल ७.८ ते ८.४ च्या दरम्यान फाईलमध्ये लावलेले होते. विनाकारण रक्त दिले तर ते घट्ट होऊन नुकसानही होऊ शकते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर पुढच्या वेळी जुळणारे रक्त मिळणे अवघड होत जाते. मी नको म्हटले, तेव्हा ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ हा छापील कागद सहीसाठी पुढे आला. या विभागात रुग्णाच्या सांगण्याला वजन नाही आणि अहवालातल्या आकड्याला प्रमाणाबाहेर वजन आहे, एवढाच याचा अर्थ. सुदैवाने सकाळी साडेसातला वरिष्ठ डॉक्टर आले, त्यांनी फाईल उघडली, पहिले पान वाचले, मला विचारले, “हायड्रॉक्सियुरिया किती घेता?” हे सिकलसेलचे नेहमीचे औषध; त्या एका प्रश्नाने माझ्या जिवात जीव आला. त्यांनी औषधाची दुसरी मात्रा दिली, रक्ताचा विषय बंद केला आणि दुपारी मला घरी सोडले.

बिल १४,६०० रुपये झाले. तपासण्या आणि खाटेचे भाडे यांनी त्यातला बहुतेक भाग खाल्ला. ज्यासाठी आम्ही गेलो होतो त्या वेदनाशामकांची किंमत काही शे रुपयांच्या पुढे नव्हती. विमा कंपनीने रुग्ण २४ तास भरती नव्हता म्हणून दावा परत पाठवला. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, आणि ती तिथे लावलेली आहेही; फक्त तिच्यापुढे शोभेच्या झाडाची कुंडी अशी ठेवली आहे की सनदेची वरची चार कलमेच वाचता येतात.

तुलनेसाठी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी सांगते, जिथे मी लग्नाआधी कायम जात असे. तिथे खाट मिळेलच असे नाही, एका स्ट्रेचरवर दोघे बसलेले असतात, पंखा आवाज करतो आणि अर्धी औषधे बाहेरच्या मेडिकल स्टोअरमधून नातेवाइकाने धावत आणायची असतात. पण तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “एसएस का?” आणि दुसरा, “छातीत दुखतं का, ताप आहे का?” रोज पाच-सहा सिकलसेलचे रुग्ण पाहणाऱ्या माणसाला तोंडाकडे पाहावे लागत नाही. पाठ्यपुस्तकात आपल्या भागातील सिकलसेल फीटल हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन) जास्त असल्यामुळे सौम्य असतो असे एक वाक्य आहे. खासगी कॅज्युअल्टीत ते मला दोनदा ऐकवले गेले आहे, सरकारीत कधीच नाही. खासगीत आम्ही जातो ते गर्दी टाळायला आणि लवकर औषध मिळेल या आशेने.

घरी आल्यावर मी वैद्यकीय अधीक्षकांना दोन पानी पत्र लिहिले. त्यात आरोप नव्हते, फक्त वेळा होत्या. तीन आठवड्यांनी बोलावणे आले. अधीक्षकांनी पत्र वाचलेले होते, ही गोष्ट मला अनपेक्षित होती. त्यांनी सुचवले की माझ्या रक्तविकारतज्ज्ञांनी एक पानाची उपचारयोजना लिहून द्यावी. औषध, मात्रा, काय टाळायचे, नेहमीचे हिमोग्लोबिन किती, कोणती लक्षणे दिसली तर घाबरायचे. ते पान माझ्या नोंदणी क्रमांकाखाली त्यांच्या संगणकात जोडले गेले आणि नाव उघडले की लाल पट्टी दिसेल अशी सोय झाली. क्रायसिसच्या रुग्णांना अशी योजना घरी लिहून देण्याची पद्धत परदेशांत रूढ आहे, पण इथे ती मला मागावी न लागता एका अधिकाऱ्याने सुचवली, म्हणून मी त्या रुग्णालयाकडे पाठ फिरवली नाही.

दुसरी वेळ मे महिन्यातली. गोंदियाकडचे लग्न, पारा ४५ च्या पुढे, परतीच्या गाडीत पाणी संपलेले. दुखणे उठायला आणखी काय लागते. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी मी खाटेवर होते. सिस्टरने नाव टाकले, पट्टी पाहिली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर नवे होते, त्यांनी पडद्यावरचे पान वाचले, छाती तपासली, “हेच देतो, अर्ध्या तासाने बघतो,” म्हणाले. ४ वाजून ३२ मिनिटांनी औषध सुरू झाले. अर्ध्या तासाने नव्हे पण चाळीस मिनिटांनी ते खरोखर परत आले आणि त्यांनी आकडा विचारला. मी “पाच” म्हणाले, त्यांनी पाच लिहिले. मी मान उंचावून पाहिले. एसी मात्र तसाच होता; या वेळी मी घरूनच शाल आणि पिशवी नेली होती. मावशी दिसल्या नाहीत.

पडद्यापलीकडच्या खाटेवर १५-१६ वर्षांचा एक मुलगा होता. गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडचा, वडील सोबत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले लाल कार्ड. मुलगा शांत पडून होता, भिंतीकडे तोंड करून, आणि त्याचा अंगठा चादरीच्या काठावरून एकाच लयीत पुढेमागे होत होता. डॉक्टरांनी त्याला शून्य ते दहाचा प्रश्न विचारला, त्याने “नऊ” म्हटले, आणि मला ओळखीचे वाक्य ऐकू आले, की व्हायटल्स नॉर्मल आहेत, आधी रिपोर्ट येऊ द्या. हेच डॉक्टर, ज्यांनी मला बावीस मिनिटांत औषध दिले होते. फरक एवढाच की माझ्या नावापुढे पट्टी होती आणि त्याच्या नावापुढे नव्हती. मी सिस्टरला बोलावून सांगितले की हाही एसएस आहे, त्याच्या वडिलांच्या हातातले कार्ड बघा. तिने सांगितले, “मॅडम, प्रत्येक पेशंटचा प्रोटोकॉल वेगळा असतो.”

त्याचे वडील दोनदा काउंटरवर जाऊन आले. दुसऱ्या वेळी परत आल्यावर ते माझ्या पडद्याशी थांबले आणि त्यांनी विचारले, “बाई, तुमाले तो कागद कोन देल्ला?” मी माझ्या तज्ज्ञांचे नाव आणि ओपीडीचा वार त्यांच्या पिशवीतल्या चिठ्ठीमागे लिहून दिला, आणि त्याच चिठ्ठीवर मला माहीत असलेली टाळायची औषधे लिहिली. मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले तेव्हा ५ वाजून ५० मिनिटे झाली होती. तो माझ्या आधी, साडेतीनला आला होता.